चिमणी कुठली, हे विचारायला गेलेला मुलगा

कॉलेजच्या फेस्टमध्ये एक टेबल नेहमी कोपऱ्यात असतं. मोमोजचा स्टॉल आणि टॅटूचा स्टॉल यांच्यामध्ये कुठेतरी चेपलेलं. वर हिरवं कापड, चार-दोन माहितीपत्रकं, एक रजिस्टर आणि मागे घसा बसलेली सेकंड इयरची एखादी मुलगी. संस्था पक्ष्यांची असते, नाहीतर कासवांची, नाहीतर खारफुटीची. तुम्ही कधी नजर चुकवून सटकता, कधी थांबून फॉर्म भरता. भरता तेव्हा का भरता? मैत्रीण मागे लागली म्हणून, सर्टिफिकेट मिळतं म्हणून, ट्रेकला नेतात म्हणून, की आत खरंच काहीतरी हललं म्हणून? खरं सांगायचं तर यातलं थोडं थोडं सगळंच असतं.

त्यात लाजण्यासारखं काही नाही. आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे, ते अशा एका संस्थेच्या दारात पहिल्यांदा गेले ते एक मेलेली चिमणी हातात घेऊन. आणि ती त्यांनी स्वतःच मारली होती.

सलीम अली हे नाव तुम्हाला माहीत आहे. जनरल नॉलेजच्या पुस्तकात ‘बर्डमॅन ऑफ इंडिया’ असा एका ओळीत त्यांचा निकाल लावलेला असतो. गोव्यात चोडण बेटावर त्यांच्या नावाचं अभयारण्य आहे, संभाजीनगरात त्यांच्या नावाचा तलाव आहे. पांढरी दाढी, गळ्यात दुर्बीण, किडकिडीत अंगकाठी. त्या फोटोतल्या आजोबांना जरा बाजूला ठेवा आणि १९०८ सालचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा.

हा मुलगा १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मला. नऊ भावंडांतला सगळ्यात धाकटा. वर्षाचा असताना वडील गेले, तीन वर्षांचा असताना आई. खेतवाडीतल्या मामांनी, अमिरुद्दीन तय्यबजींनी, आणि निपुत्रिक मामी हमीदा बेगम यांनी ही सगळी भावंडं वाढवली. मामा शिकारीचे शौकीन होते, घरात बंदुका होत्या आणि सलीमच्या हातात एक एअरगन होती. आजचा निसर्गप्रेमी ऐकून दचकेल, पण त्या पोराचा उद्योग म्हणजे चिमण्या टिपणं. एकदा तर तबेल्यातल्या घरट्यावरचा नर त्याने मारला. मादीने दुसरा जोडीदार आणला, त्याने तोही मारला. आठवडाभरात असे आठ नर गेले. क्रूर आहे ना? पण गंमत पुढे आहे. त्या पोराने हे सगळं वहीत नीट लिहून ठेवलं. नर गेला की मादी किती लवकर नवा नर आणते, ही नोंद त्याच्या लेखी शिकारीइतकीच महत्त्वाची होती.

मग एके दिवशी एक चिमणी पडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली? मामांना सांगता येईना. पण मामा ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे सभासद होते. त्यांनी ओळखीची चिठ्ठी दिली आणि पोराला अपोलो स्ट्रीटवरच्या ऑफिसात पाठवून दिलं. सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ होते. शाळकरी पोरगं, हातात कागदात गुंडाळलेली चिमणी आणि समोर साहेब. पोरगं घाबरलेलं असणार, यात नवल नाही. मिलार्डनी चिमणी पाहिली, रानचिमणी म्हणून ओळखली आणि पोराला वाटेला न लावता कपाटं उघडून दाखवायला सुरुवात केली. खणामागून खण, त्यात पेंढा भरलेले पक्षी, प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी. शिवाय घरी न्यायला पुस्तकं दिली. पक्ष्याची कातडी कशी सोलायची आणि टिकवायची, हेही पुढे तिथेच शिकायला मिळालं.

एका मोठ्या माणसाने अर्धा तास दिला, एवढंच घडलं होतं. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षं तो मुलगा त्या संस्थेला धरून राहिला. संस्थांना माणसं का चिकटतात यावर मॅनेजमेंटवाले जाडजूड प्रकरणं लिहितात, पण तुम्ही जिथे जिथे टिकलात ती ठिकाणं आठवून बघा. तिथे पहिल्या दिवशी कोणीतरी तुमचा प्रश्न वेडगळ मानला नव्हता, असंच बहुतेकदा सापडेल.

ही सोसायटी काय प्रकरण होतं, तेही जरा बघू. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतल्या आठ जणांनी ती स्थापली. सहा इंग्रज आणि दोन आपले. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक तर्खडकर. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतींचे जाणकार आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. हो, बालविवाहाविरुद्ध कोर्टात उभ्या राहिलेल्या आणि पुढे डॉक्टर झालेल्या त्याच रखमाबाई. सुरुवातीला मंडळी भायखळ्याच्या म्युझियममध्ये जमत. मग फिप्सन नावाच्या सभासदाने आपल्या वाइनच्या दुकानात जागा दिली. त्या ऑफिसात एक धनेश पाळलेला होता, नाव विल्यम. सोसायटीच्या बोधचिन्हावर आज जो धनेश दिसतो, तो हाच.

हे लोक पर्यावरण वाचवायला जमले नव्हते. तो शब्दही तेव्हा या अर्थाने प्रचारात नव्हता. ते जमले होते आपापले नमुने एकमेकांना दाखवायला. कोणी बेडूक आणायचा, कोणी सापाची कात, कोणी वाघाचं कातडं. जंगलखात्यातले अधिकारी, चहामळेवाले, लष्करातले कॅप्टन, रेल्वेतले इंजिनिअर वर्गणी पाठवत आणि वर्गणीबरोबर पत्रंही पाठवत. दूर कुठल्यातरी डाकबंगल्यात एकट्या बसलेल्या माणसाला, आपण पाहिलेलं कोणीतरी वाचेल, छापेल, चूक असेल तर भांडेल, याचं केवढं अप्रूप असेल! सोसायटीचं जर्नल हा त्या काळचा व्हॉट्सअॅप ग्रुपच म्हणा, फक्त उत्तर यायला तीन महिने लागायचे. १९११ मध्ये सोसायटीने भारतातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, तेव्हा सरकारच्या जोडीने सभासदांनी आणि संस्थानिकांनी त्यासाठी खिशात हात घातला. त्यातले बरेच जण पक्के शिकारी होते. पुढच्या वर्षी मारायला काहीतरी उरलं पाहिजे, हाही निसर्ग राखण्याचा एक हेतू होता आणि तो त्यांनी लपवला नाही. मला तो हेतू आवडत नाही. पण त्यांनी जमवलेल्या नोंदींवर आजही अभ्यासक काम करतात, हेही तितकंच खरं.

आता सलीमच्या करिअरकडे वळू. करिअर म्हणण्यासारखं त्यात बराच काळ काहीच नव्हतं, आणि हा भाग तुमच्यातल्या केटीवाल्यांनी मुद्दाम वाचावा. शाळेत डोकेदुखीमुळे खंड पडला. १९१३ मध्ये मॅट्रिक कसंबसं झालं. सेंट झेवियर्समध्ये गेले, पण मन लागेना. कॉलेज सोडून ब्रह्मदेशात तवॉयला भावाच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेले. तिथे धंदा कमी आणि जंगलातले पक्षी जास्त. १९१७ मध्ये परत आले, दावर्स कॉलेजमध्ये कॉमर्स शिकू लागले आणि त्याच वेळी झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या सांगण्यावरून प्राणिशास्त्र. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी लग्न झालं. पुन्हा ब्रह्मदेश, पुन्हा धंदा आणि तो शेवटी बुडाला.

विशीच्या शेवटाला आलेला, लग्न झालेला, डिग्री नसलेला आणि फक्त पक्ष्यांचं वेड असलेला माणूस. झूऑलॉजिकल सर्व्हेत पक्षिशास्त्रज्ञाची जागा होती, पण पदवी नाही म्हणून ती मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, गाइड लेक्चररची नोकरी लागली. पगार महिना ३५० रुपये. त्या काळी बरा होता. पण दोन वर्षांत त्यांना कळून चुकलं, की आपल्याला पक्षी शास्त्रशुद्ध शिकायचे आहेत. १९२८ मध्ये रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. लंडनच्या संग्रहालयाकडूनही विचारणा करून पाहिली होती, पण तिथून फारसा उत्साह दिसला नव्हता. बर्लिनने दार उघडलं. आयुष्यभर ते स्ट्रेझमानना गुरू मानत राहिले.

१९३० मध्ये परत येऊन बघतात तर म्युझियममधली ती जागाच रद्द झालेली. कारण पैसे नाहीत.

इथे माणूस काय करतो? सलीम आणि तेहमिना मुंबईचा खर्च परवडेना म्हणून अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. आज तुम्ही वीकेंडला जाता तेच किहीम. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. नोकरी नसल्यामुळे वेळ भरपूर. ते रोज तासन्‌तास ती घरटी बघत बसले. शाळेत बहिणाबाईंची कविता पाठ केली होती ना? तिच्यातली सुगरण घरटं विणते ती आपल्या पिल्लांसाठी. किहीमला दिसलं ते वेगळंच. विणकाम सगळं नराचं. तो अर्धवट घरटं विणतो, मग माद्या येऊन तपासणी करतात, अगदी फ्लॅट बघायला आल्यासारखी. पसंत पडलं तर मादी मुक्काम टाकते. नर घरटं पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे आधी कोणी इतकं नीट बघून मांडलं नव्हतं. सोसायटीच्या जर्नलमध्ये तो लेख छापून आला आणि बेकार सलीम अलींचं नाव पक्षिशास्त्रज्ञांच्या जगात झालं. नोकरी मात्र तरीही नव्हती.

मग त्यांनी सोसायटीपुढे एक प्रस्ताव मांडला, आणि या माणसाचं आयुष्य फिरवणारी गोष्ट मला तरी हीच वाटते. देशातल्या कितीतरी भागांत कुठले पक्षी आहेत याची पद्धतशीर पाहणीच झालेली नव्हती. संस्थानांनी फक्त प्रवासाचा, तंबूचा, माणसांचा खर्च द्यावा. पाहणी मी करतो, मेहनताना नको. हैदराबादने होकार दिला. मग कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. बैलगाडी, तंबू, मलेरिया, रात्री कंदिलाच्या उजेडात कातडी सोलणं आणि लेबलं लिहिणं. तंबूत घोरणाऱ्या माणसावर ते जाम भडकत, असं त्यांच्याबरोबर राहिलेले सांगत. तेहमिना इंग्लंडमध्ये शिकलेल्या, सुखवस्तू घरातल्या. त्या अनेक मोहिमांमध्ये बरोबर असत.

फुकट काम का केलं? त्याग वगैरे मोठे शब्द वापरायचा मोह होतो, पण तो आवरा. घरची थोडीफार मिळकत होती, मुलंबाळं नव्हती आणि बायकोची साथ होती. दरवर्षी तीच पाहणी करायला कोणी पगार दिला असता, तर त्यांनी आनंदाने घेतला असता. मुद्दा असा, की त्यांना हवं ते काम या देशात एकाच संस्थेच्या आडोशाने करता येत होतं. संस्थेला अशा माणसाची गरज होती, माणसाला अशा संस्थेची. तुम्ही एखाद्या एनजीओत व्हॉलंटिअर म्हणून जाता तेव्हा बहुतेकदा असाच व्यवहार असतो. तो उघडपणे मान्य केला तर पुढे मनस्ताप कमी होतो.

१९३९ मध्ये एका छोट्याशा ऑपरेशननंतर तेहमिना गेल्या. सलीम अली तेव्हा त्रेचाळिशीला आले होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्याकडे ते राहू लागले. या आघातावर जास्त काही लिहिणं मला जमणार नाही. एवढंच दिसतं, की त्यानंतर ते कामात अधिकच बुडाले.

१९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ आलं. त्यापूर्वीची पक्ष्यांची पुस्तकं जाडजूड होती आणि तज्ज्ञांसाठी होती. हे पुस्तक हातात धरून खिडकीत बसता येत होतं. समोरचा पक्षी, पुस्तकातलं रंगीत चित्र, जुळलं! आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. या पुस्तकाने किती जणांना पक्षी बघायला लावलं याची मोजदाद नाही, पण कुठल्याही जुन्या पक्षिमित्राच्या कपाटात त्याची एखादी विटलेली प्रत सापडतेच. ‘पर्यावरण वाचवा’ असं ते पुस्तक सांगत नव्हतं. ते फक्त नावं सांगत होतं. पण नाव कळलं की नजर बदलते. अंगणातला ‘एक पक्षी’ जेव्हा दयाळ होतो, तेव्हा ते झाड तोडायला निघालेल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुम्ही हात वर करता. करून बघा.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि सोसायटीची पंचाईत झाली. इंग्रज सभासद बॅगा भरून निघाले. वर्गणीदार गेले, पत्रं पाठवणारे गेले, वर्षानुवर्षं संग्रह सांभाळणारे क्युरेटर प्रेटरही इंग्लंडला गेले. उरला तो अफाट संग्रह, रिकामी होत चाललेली तिजोरी आणि मूठभर भारतीय माणसं. सलीम अली आणि त्यांचे नातलग हुमायून अब्दुलअली हे त्यातले प्रमुख. फाळणी, निर्वासित, अन्नटंचाई असा काळ. त्यात पेंढा भरलेल्या पक्ष्यांसाठी पैसे मागणार कोणाकडे? सलीम अलींनी थेट पंतप्रधान नेहरूंना लिहिलं. नेहरूंना निसर्गाची ओढ होती, मदत मिळाली. पुढे १९६५ मध्ये म्युझियमच्या लगत ‘हॉर्नबिल हाउस’ उभं राहिलं. एकेकाळी वाइनच्या दुकानात चाललेल्या संस्थेला स्वतःचं घर मिळालं.

दुसरा हात पुढे आला तो अगदी अनपेक्षित ठिकाणाहून. सिंगापूरचे सिनेमागृहांचे मालक लोक वान थो. १९४२ मध्ये जपानी सैन्य सिंगापूरवर चालून आलं, तेव्हा ते जहाजाने निघाले. जहाजावर बॉम्ब पडला. वाचले आणि फिरत फिरत भारतात पोचले. मुंबईत सलीम अलींची गाठ पडली. दोघं मिळून पक्षी बघत हिंडले. युद्ध संपल्यावर हा श्रीमंत माणूस सिंगापूरला परतला, पण नातं तुटलं नाही. मोहिमांना पैसे, संशोधनाला पैसे, १९६४ मध्ये तैवानमधल्या विमान अपघातात जाईपर्यंत तो देत राहिला. निर्वासित म्हणून आलेल्या दिवसांत ज्याने पक्षी दाखवले, त्याला आयुष्यभर विसरला नाही. देणगीदार असे तयार होतात. नुसती माहितीपत्रकं वाटून होत नाहीत.

पण पैसे म्हटलं की प्रश्न येतातच, आणि सलीम अलींनाही त्यांची उत्तरं द्यावी लागली. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या बाजूला क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. विषाणू रशियाकडच्या एका विषाणूशी मिळताजुळता निघाला. तिकडून येणारे स्थलांतरित पक्षी अंगावरच्या गोचिडांबरोबर रोग आणतात की काय, अशी शंका आली. ती तपासायला जागतिक आरोग्य संघटनेने पैसा दिला आणि सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कड्या घालण्याचं मोठं काम सुरू केलं. पुढे त्याच कामाला अमेरिकी लष्कराच्या एका प्रकल्पातून पैसा येऊ लागला. सत्तरच्या दशकात पेपरांतून प्रश्न उठले. परदेशी लष्कराला आपल्याकडच्या पक्ष्यांत आणि रोगांत एवढा रस का? जंतुयुद्धाचा तर संबंध नाही? प्रकरण संसदीय समितीपर्यंत गेलं. सलीम अलींनी संस्थेची बाजू जोरात मांडली. त्या कड्यांमुळेच आपल्याकडचे पक्षी कुठून येतात आणि कुठे जातात हे कळलं, यात शंका नाही. तरीही प्रश्न विचारणारे चुकीचे होते असं मला वाटत नाही. कुठल्याही हिरव्या टेबलापाशी थांबाल तेव्हा पैसा कुठून येतो हे विचारा. चांगल्या संस्थेला त्याचा राग येत नाही.

आता भरतपूर. हे सांगितल्याशिवाय सलीम अलींची गोष्ट पुरी होत नाही.

राजस्थानातलं केवलादेव घना हे भरतपूरच्या महाराजांचं शिकारीचं तळं. तिथे दगडी फलकांवर मोठमोठ्या शिकारींचे आकडे कोरलेले आहेत. सगळ्यात मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा. व्हाइसरॉय लिनलिथगो आणि मंडळींनी एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. तारीख पुन्हा बघा. त्या दिवशी सलीम अलींना बेचाळीस वर्षं पुरी झाली होती. स्वातंत्र्यानंतर ते तळं आटवून शेतीसाठी द्यावं, अशी मागणी जोर धरू लागली. लोकांना जमीन हवी होती आणि ते स्वाभाविकही होतं. सलीम अलींनी नेहरूंपर्यंत विषय नेला. तळं वाचलं. १९५६ मध्ये ते पक्षी अभयारण्य झालं, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय उद्यान आणि १९८५ मध्ये जागतिक वारसास्थळ.

इथेच गोष्ट संपवली असती तर ती शाळेच्या धड्यात शोभली असती. पण राष्ट्रीय उद्यान होताच म्हशींच्या चराईचा प्रश्न उभा राहिला. आजूबाजूच्या गावांची जनावरं पिढ्यान्‌पिढ्या आत चरत होती. त्यांच्यामुळे अधिवासाचं नुकसान होतं, चराई बंद व्हावी, असं सलीम अलींचं ठाम मत होतं आणि त्यांच्या मताला दिल्लीत वजन होतं. १९८२ मध्ये चराई बंद झाली. गावकरी चिडले, संघर्ष झाला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली.

पुढची गोष्ट अशी. सोसायटीनेच त्या काळात भरतपूरला दहा वर्षांचा अभ्यास चालवला होता. रोज पाणी मोजा, गवत मोजा, पक्षी मोजा. म्हशी गेल्या आणि पाणथळीतलं गवत बेसुमार वाढलं. उघडं पाणी कमी झालं, मासे आणि पक्षी यांना ते मानवेना. म्हशी त्या तळ्याच्या शत्रू नव्हत्या, गवत आटोक्यात ठेवणाऱ्या कामगार होत्या, असं आकडे सांगू लागले. सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी ते तसंच लिहून अहवालात मांडलं. ज्या संस्थेचा सगळ्यात मोठा माणूस चराईबंदीच्या बाजूने उभा होता, तिनेच ती बंदी चुकली असं छापलं. तोवर सलीम अली या जगात नव्हते. गोळीबारात गेलेली माणसंही परत येणार नव्हती. त्या घरांना या प्रामाणिकपणाचं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण अशा संस्थेला पाठिंबा का द्यायचा असं कोणी मला विचारलं, तर मी तिने जिंकलेल्या लढायांआधी हा अहवाल पुढे करीन.

जिंकलेल्या लढायाही होत्याच. केरळातल्या सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर वीजप्रकल्पाचं धरण येणार होतं. शाळामास्तर, कवी, केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे कार्यकर्ते रस्त्यावर आले. ऐंशी वर्षांच्या आसपास पोचलेले सलीम अलीही त्या बाजूने बोलले आणि धरण नको असं आवाहन त्यांनी केलं. इंदिरा गांधी स्वतः पक्षी बघणाऱ्या. सलीम अलींची पत्रं त्यांच्या टेबलावर पोचत, आणि त्यांच्या सरकारच्या काळात प्रकल्प रद्द झाला. १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

बाकी मानसन्मान भराभर सांगतो. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभा. डिलन रिप्ले यांच्याबरोबर भारत आणि पाकिस्तानातल्या पक्ष्यांवर दहा खंड लिहिले. ते १९६८ ते १९७४ या काळात बाहेर पडले, म्हणजे शेवटचा खंड आला तेव्हा सलीम अली अठ्ठ्याहत्तरीला टेकले होते. मोटारसायकलचं वेड एवढं, की १९५० मध्ये स्वीडनच्या पक्षिशास्त्र परिषदेला जाताना स्वतःची सनबीम जहाजाने युरोपात नेली आणि तिथे तिच्यावरून हिंडले. १९७५ चा पॉल गेटी पुरस्कार मिळाला. रक्कम ५० हजार डॉलर. आयुष्यभर नोकरीच्या बाबतीत बेभरवशाचं जगलेल्या माणसाने ती सोसायटीला दिली आणि त्यातून निसर्ग संवर्धनाचा निधी उभा राहिला. अपोलो स्ट्रीटवरच्या त्या अर्ध्या तासाची फेड म्हणा हवं तर. मी म्हणणार नाही, कारण त्यांच्या मनात तेव्हा काय होतं हे सांगायला ते इथे नाहीत.

२० जून १९८७ रोजी मुंबईत ते गेले. नव्वद वर्षांचे होते. त्याच्या दीडेक वर्ष आधी एक बातमी त्यांना ऐकायला मिळाली होती. जेर्डनचा धाविक नावाचा, १९०० नंतर कोणालाही न दिसलेला पक्षी आंध्रात कडप्प्याच्या बाजूला सोसायटीच्या एका तरुण संशोधकाला सापडला होता. स्थानिक फासेपारध्यांच्या आणि गावकऱ्यांच्या मदतीने, रात्री बॅटरीच्या उजेडात.

आणि ती चिमणी? रानचिमणी आजही आपल्याकडे आहे. गावाबाहेरच्या विरळ झाडीत, शेतांच्या कडेला असते. पण सगळ्यांना वाटते ती घरचीच चिमणी, म्हणून कोणी वर बघत नाही. गळ्यावरचा पिवळा डाग नराला ठळक असतो आणि दुर्बिणीशिवाय लांबून दिसत नाही. मोह किंवा काटेसावर फुलली की त्या फुलांमधला मध प्यायला ती येते. तुमच्या कॉलेजच्या आवारात काटेसावर असेल, तर फेब्रुवारीत सकाळच्या लेक्चरआधी दहा मिनिटं तिच्याखाली उभे राहा.